कॅरिअरची चुंबळ

गेल्या सहामाहीत आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे सायकलीच्या कॅरिअरवर या महिन्याची सगळी जागा का खर्च केली ते वाचकांना कळेल.

आठवीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका होत्या, अडतीस. शाळा सुटल्यावर तपासायला घरी नेत होतो. गठ्ठ्याला सुतळी, गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी मागच्या कॅरिअरवर, स्प्रिंगच्या चिमट्याखाली. चिमटा घट्ट आहे असं आम्हाला वाटत होतं. भातसानगरहून येताना वाटेत खडी उखडलेला एक लांब पट्टा लागतो. तिथे सायकल चालवायची नसते, सोसायची असते. घरी येऊन पिशवी उचलली तर तिच्या खालच्या अंगाला बोटभर लांबीच्या दोन चिरा. सर्वांत खाली असलेल्या चार पत्रिकांची मागची पानं कॅरिअरच्या पट्ट्यांच्या जागी अशी झिजली होती की कागदाचा कापूस झालेला. एक पत्रिका कशीबशी वाचता आली. तीन नाही.

मागच्या पानावर निबंध होता. म्हणजे तीन मुलांचे निबंध गेले. त्यातले दोघे हुशार होते, त्यांची आम्हाला फारशी काळजी नव्हती. तिसरी मुलगी जवळच्या पाड्यावरची. निबंधाचा प्रश्न ती नेहमी कोरा सोडायची. त्या दिवशी तिने दीड पान लिहिलेलं आम्ही वर्गात फिरताना पाहिलं होतं आणि मनातल्या मनात खूश होऊन पुढे गेलो होतो. वाचू घरी, असं म्हणून.

उत्तरपत्रिका ही दुसऱ्याची अमानत असते. रात्रभर नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून जे झालं ते सांगितलं. मुख्याध्यापकांच्या परवानगीने तिघांना विचारलं की पुन्हा लिहाल की तोंडी सांगाल? दोघांनी पुन्हा लिहिलं, पहिल्यापेक्षा बरंच लिहिलं म्हणे. ती मुलगी म्हणाली, "मला परत तसं नाही येणार." मग मधल्या सुट्टीत तिने सांगितलं आणि आम्ही लिहून घेतलं. विषय होता पावसाळ्यातला एक दिवस. घरात पाणी शिरलं तेव्हा आधी काय उचललं, मग काय उचललं, एवढंच तिने सांगितलं, पण ते क्रमाने आणि नेमकं. गुण दिले. तरी तिच्या हातचं ते पहिलं दीड पान आम्ही वाचलेलं नाही ते नाहीच.

त्याच आठवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. मुलगी सायकलीने शाळेत जाते, दर दोन-तीन महिन्यांनी दप्तराचा तळ फाटतो, खालच्या वहीला भोक पडतं, काय करावं? एरवी आम्ही 'चांगलं दप्तर घ्या' असं उत्तर लिहून मोकळे झालो असतो. आता तोंड राहिलं नव्हतं. म्हणून सायकल घेऊन शहापूरच्या बाजारात गेलो. तिथे एक चाचा सायकल दुरुस्तीचं काम करतात. त्यांना फाटलेली पिशवी दाखवली. त्यांनी पिशवीकडे पाहिलंच नाही. कॅरिअर दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते खडखडलं. चाकाच्या आसाजवळ कॅरिअरच्या पायाचा एक नट ढिला होता आणि दुसरा नव्हताच.

"सर, लोखंडाने नाही कापलं. हललं म्हणून कापलं," चाचा म्हणाले.

वाक्य साधं आहे, पण आम्ही आणि आमच्यासारखे बहुतेक लोक याच्या उलट समजून चालतो. कॅरिअर कडक, सामान मऊ, म्हणून मध्ये काहीतरी मऊ घालायचं, असा आपला हिशोब. खरं म्हणजे तळहात भिंतीवर कितीही दाबून धरा, कातडीला काही होत नाही. तोच हात भिंतीवरून घासत न्या, मग कळतं. झिजवते ती घसट. सायकल खड्ड्यातून गेली की सामान केसभर उचलतं, केसभर सरकतं आणि पुन्हा टेकतं. चार-पाच किलोमीटरच्या वाटेत हे हजारो वेळा होतं. त्यात रस्त्याची धूळ. मुरमाची बारीक कच पट्टीवर बसली की सुताराचा पॉलिश पेपर आणि तुमचं कॅरिअर यांत फरक उरत नाही. मध्ये मऊ फडकं घातलं तर पहिले आठ दिवस बरं वाटतं. मग तेच फडकं कच धरून ठेवतं आणि वहीच्या खाली पॉलिश पेपरचा तुकडा कायमचा बसतो. गोणपाटाचं तर विचारूच नका. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात गोणपाट एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही. ते कचही धरतं आणि पाणीही.

म्हणून आधी सामान हलणार नाही असं बांधायचं. मऊपणाचा विचार त्यानंतर.

चाचांशी बोलताना आम्हाला अम्मींची चुंबळ आठवली. जुन्या लुगड्याची किंवा ओढणीची चिंधी पिळून वेटोळं करायचं, डोक्यावर ठेवायचं आणि त्यावर हंडा. लहानपणी वाटायचं की डोकं दुखू नये म्हणून ती गादी असते. पण नुसती गादी असती तर उशी ठेवली असती. उशीवर हंडा ठेवून कुणी चार पावलं तरी चालून दाखवावं! चुंबळ मधून पोकळ असते, तिच्यात हंड्याचा तळ बसतो, आणि खालून ती केसांना धरते. हंडा सरकत नाही, म्हणून टाळूही घासत नाही. चुंबळ धरते आणि मग सांभाळते.

आणि नुसत्या भरावाची आपल्या भाषेने काय किंमत केली आहे तेही पाहा. घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरात चिंध्या, लोकर, काय मिळेल ते भरत. त्यावरून निकामी माणसांच्या किंवा वस्तूंच्या भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतो. खोगीर आवळून बांधलेलं नसेल तर आत कितीही भरा, घोड्याची पाठ सोलवटणारच. मुलीच्या दप्तराखाली फडकी कोंबणं ही अशीच खोगीरभरती आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. खर्च जवळजवळ नाही.

पाना घेऊन कॅरिअरचे सगळे नट आवळा. पुढे सीटखाली असतात ते आणि मागे आसापाशी असतात तेही. खाली वायसर नसेल तर घाला. हे काम दर जुम्याला किंवा रविवारी, जो सुट्टीचा दिवस असेल त्या दिवशी करावं, कारण नट आज आवळला म्हणून वर्षभर आवळलेला राहत नाही. कॅरिअरच हलत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. एखाद्या जोडावर वेल्डिंग तडकलं असेल तर तिथली धार हाताला लागेल. ती कानशीने घासा किंवा जोड पुन्हा मारून घ्या.

मग सायकलची जुनी ट्यूब. दुकानदार फुकट देतो. उभी चिरून दोन बोटं रुंदीची पट्टी काढायची, आतली पांढरी पावडर धुऊन टाकायची, आणि कॅरिअरच्या प्रत्येक दांडीभोवती किंवा पट्टीभोवती ताणून गुंडाळायची. जखमेला पट्टी बांधतात तशी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचायचं. काही जण टोकाला बारीक तार बांधतात आणि मग त्याच तारेने दप्तर फाडून घेतात. ट्यूब कडक होऊन तडे गेलेली असेल तर घेऊ नका, ती गुंडाळताना तुटते. हे रबर म्हणजे सायकलीची चुंबळ. मऊ आहे म्हणून ती उपयोगी आहे असं नाही. ती पकडते. लोखंडावरून सामान घसरतं, रबरावरून घसरत नाही. कच बसली तर ओल्या फडक्याने दोन मिनिटांत पुसली जाते.

रबराचा एक दोष आहे. उन्हात तापलं की ते काळं सोडतं. पांढऱ्या कुर्त्याची पिशवी किंवा कागदांचा गठ्ठा त्यावर थेट ठेवू नये. मध्ये रेक्झिनचा तुकडा घाला, पण तो सुटा ठेवू नका, कॅरिअरलाच चारही कोपऱ्यांत बांधा. निवडणुका झाल्या की जाहिरातींचे फ्लेक्स फुकट मिळतात, ते वापरावेत का असं कुणी विचारेल. पाऊस अडवायला सामानाच्या वरून घालायला फ्लेक्स उत्तम आहे. खाली घालू नका, गुळगुळीत असल्यामुळे सामान त्याच्यावरून सरकतं. शिवाय खाली घातलेल्या नेत्यावर बसवलेलं ओझं कुणी पाहिलं तर उगाच भांडण.

बांधायला नायलॉनची बारीक दोरी वापरली की ती दप्तराच्या कडेत रुतते आणि खालून वाचवलेलं वरून कापलं जातं. खाटेची जुनी नवार मिळाली तर तिच्याइतकं चांगलं काही नाही. रुंद असते, रुतत नाही, गाठ धरते. ट्यूबचाच पट्टा चालतो. बाजारात आकड्यांचे रबरी पट्टे मिळतात, तेही सोयीचे आहेत, पण आकडा सुटला तर तो थेट डोळ्याकडे उडतो. लहान मुलांच्या हातात देऊ नका, आणि स्वतः अडकवताना चेहरा बाजूला ठेवा. पट्टा एक असो की दोन, सामानावरून फुली पडेल असा न्यावा. एकाच दिशेने बांधलेलं सामान आडवं सरकतं. निघाल्यावर दहा मिनिटांनी एकदा उतरून पुन्हा आवळायचं. खड्डे खाऊन सामान बसतं, आणि बसलं की पट्टा ढिला पडतो. आमच्या गठ्ठ्याचं नेमकं हेच झालं होतं. चिमटा निघताना घट्ट होता. पत्रिका दबून बसल्या आणि घट्ट राहिला नाही.

दप्तराबद्दल पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी आणखी थोडं. दप्तराच्या तळाला आतून जाड पुठ्ठा घाला, दप्तराच्या मापाचा. पुस्तकं आडवी, मोठी खाली. डबा कोपऱ्यात उभा ठेवला की त्याची कड नेमकी कॅरिअरच्या दांडीवर येते आणि मधलं कापड दोन लोखंडांमध्ये सापडतं, म्हणून डबा वर ठेवा किंवा हँडलला अडकवा. दप्तर अर्धं रिकामं असेल तर पट्ट्याने ते पूर्ण आवळून घ्या. आत पुस्तकं हलत राहिली तर बाहेरून कितीही बांधा, ती आतूनच घासतात.

आणि दप्तराचे बंद! लोंबणारे बंद चाकाच्या तारांत गेले तर दप्तराचं काय होईल ते सोडा, मुलगी पडेल. तीच गोष्ट ओढणीची आणि बुरख्याच्या घेराची. पूर्वी लेडीज सायकलीच्या मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी रंगीत दोऱ्यांची जाळी असायची. आम्हाला ती शोभेची वाटायची. ती कपडा चाकात जाऊ नये म्हणून होती. आता बऱ्याच सायकलींवर ती दिसत नाही. घरी जाड दोऱ्याने ती विणता येते, एक दुपार लागते. कॅरिअरवर धाकट्या भावाला बसवून नेत असाल तर ही जाळी असायलाच हवी. मागे बसलेल्या लहान मुलाची टाच तारांत सापडून होणारी जखम फार वाईट असते, आणि ती एका क्षणात होते.

मुलींच्या सायकली आता पुष्कळ झाल्या आहेत. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला सरकारकडून पैसे मिळतात, त्याचा खरोखर उपयोग झालेला आहे. सायकल आली की मुलीचं शाळेत येणं एसटीच्या वेळेवर अवलंबून राहत नाही. मात्र सायकल मिळाल्यावर तिचा नट कसा आवळायचा, हे मुलीला कुणी शिकवत नाही. पाना भावाच्या हातात, सायकल बहिणीची. आमच्या वर्गात आता पाना मुलींच्या हातात दिला आहे. पहिल्या दिवशी हसल्या, दुसऱ्या दिवशी आमच्या सायकलीचा नट त्यांनीच आवळला.

दप्तरापेक्षा जड ओझंही आमच्या तालुक्यात सायकलीवर असतं, ते पाण्याचं. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा भातसा धरणाचा. धरणातून सोडलेलं पाणी नदीने पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून उपसून मुंबईला. तानसा तलावही आमच्याच तालुक्यात, तो तर 1892 सालचा. आणि एप्रिल-मे आला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर लागतात. धरण उशाला, कोरड घशाला. ही म्हण आमच्याकडे कुणी आळवत बसत नाही, रोजच जगतात. मग घरातला पोरगा सायकलीला दोन्ही बाजूंनी वीस-वीस लिटरचे कॅन लटकावून विहिरीवर जातो. लिटरला किलो, म्हणजे येताना चाळीस किलो.

हे कॅन कुठे फुटतात ते पाहून ठेवलं आहे. कॅनची बाजू कॅरिअरच्या पायावर आपटते आणि घासते, तिथे आधी पांढरी रेघ उमटते, मग केसाएवढी चीर पडते. विहिरीपासून निघताना वीस लिटर असतात, घरी पोचताना सोळा. पायावर जुन्या टायरचा वीतभर तुकडा उभा बांधला की घसट थांबते. ट्यूबपेक्षा इथे टायर बरा, कारण मार जास्त असतो. कॅनची मूठ वरून बांधतातच, खालूनही एक पट्टा घेऊन दोन्ही कॅन चाकाला लागणार नाहीत असे कॅरिअरच्या पायांशी आवळावेत, म्हणजे ते झुलत नाहीत. आणि कॅन गळ्यापर्यंत भरावा. अर्धा भरला तर हलका होईल असं वाटतं, पण आतलं पाणी हिंदकळून तो जास्त आपटतो. दोन अर्ध्या कॅनऐवजी एकच भरलेला आणायचा असेल तर तो मधोमध, कॅरिअरवर आडवा बांधून आणा. एका बाजूला लटकावू नका, वळणावर सायकल ओढते.

ओझं वाहणाऱ्यांनी हे सगळं फार पूर्वी शोधून काढलेलं आहे. मुंबईचे डबेवाले 1890 पासून डबे पोचवतात. स्टेशनाबाहेर त्यांच्या सायकली पाहा, हँडलपासून कॅरिअरपर्यंत डबेच डबे, एकमेकांना आवळून. झाकणावर रंगाने काढलेली खूण हाच त्या डब्याचा पत्ता, ती घासून पुसली तर जेवण भलत्याच माणसापुढे जायचं. 1954 साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत माणसांनी डोंगरातून सायकलींवर रसद नेली. एकेका सायकलीवर दोनशे-तीनशे किलो लादून, सायकल हाताने ढकलत. एवढ्या ओझ्याखाली चाकातली ट्यूब टिकेना, तेव्हा कपडे फाडून त्या चिंध्या टायरच्या आत ट्यूबभोवती भरल्या. तिथेही चिंधी टायरने आवळलेली होती, म्हणून कामाला आली.

एक गंमत आमच्या पाहण्यात आली, ती लिहायचा मोह आवरत नाही. सकाळी मकतबहून थेट शाळेत येणारी काही मुलं आहेत. त्यांचा सिपारा जुजदानात, जुजदान गळ्यात, छातीशी. कॅरिअरवर तो कधीच नसतो. हे त्यांना आम्ही शिकवलेलं नाही, घरातूनच आलं आहे. आणि त्याच मुलाचं विज्ञानाचं पुस्तक मागे चिमट्याखाली उघडंबोडकं, कोपरे दुमडलेलं. मास्तर म्हणून आम्हाला थोडं वाईट वाटलं. मग वाटलं, अदब यांना येते, फक्त ती पुढच्या पुस्तकापर्यंत न्यायची आहे. दोन-तीन मातांना सांगितलं. एकीने जुन्या सलवारीच्या कापडातून पाठ्यपुस्तकांनाही बसेल अशी नाडीची पिशवी शिवली. आता वर्गात तशा सहा-सात आहेत, आणि कुणाची जास्त चांगली यावरून कुरबूर आहे.

आमच्या सायकलीवर सध्या ट्यूबचे वेढे, चार कोपऱ्यांत बांधलेलं रेक्झिन आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेली नवार आहे. उत्तरपत्रिका पुठ्ठ्याच्या दोन फळ्यांमध्ये ठेवून बांधतो, पुठ्ठे पत्रिकांपेक्षा बोटभर मोठे. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या शेवटच्या दिवशी फाटकापाशी गठ्ठा बांधत होतो. तीच मुलगी सायकल हातात धरून थांबली. काही बोलली नाही. गठ्ठ्यावर तळहात ठेवला, थोडा पुढे-मागे दाबून पाहिला.

"हलतंय, सर."

आम्ही नवार सोडली आणि पहिल्यापासून बांधायला घेतली. एक टोक तिने धरलं.